बारा सूत

उतारावरच्या त्या गल्लीत त्यांना सगळे दारवाले मिस्त्री म्हणत. खाटा, कपाटं, टेबलं करणारे सुतार आसपास पुष्कळ होते. मिस्त्रींनीही तरुणपणी ते सगळं केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. पण गेली तीस वर्षं त्यांच्या वाट्याला मुख्यतः एकच काम येत होतं. कुणाचं तरी दार चौकटीला घासू लागायचं, बोलावणं यायचं. मिस्त्री पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरायचे, दार बिजागऱ्यांवरून काढायचे, वरच्या कडेला रंधा मारायचे आणि दार परत चढवायचे. मग घरातलं माणूस एका बोटानं दार ढकलून बघायचं आणि म्हणायचं, "वा, नवं केलंत की!" वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेच दार, तीच कड, तोच रंधा.

गल्लीत तेवीस घरं. सगळ्यांत वरचं मिस्त्रींचं, ते खडकावर बसलेलं. त्याखाली पायरीपायरीनं उतरत गेलेली बाकीची बावीस, ती मातीवर. तळाशी उताराला धरून ठेवणारी दगडी भिंत, आणि भिंतीखाली रस्ता. वरपासून खालपर्यंत एकशे ऐंशी पायऱ्या. मिस्त्रींचं वय त्रेसष्ट. उतरताना गुडघे कुरकुरत, चढताना छाती. उजवा खांदा तर आता रंध्याचं नाव काढलं तरी दुखायला लागे.

"डोंगराला म्हणावं, आम्ही रिटायर झालो," त्यांची बायको म्हणायची.

"डोंगर कुठं ऐकतोय. त्याला रजाच नाही."

"मग तुम्ही तरी घ्या."

मिस्त्री हसायचे आणि पिशवी उचलायचे.

त्या उताराकडे कुणी नीट पाहिलं असतं तर काही गोष्टी दिसल्या असत्या. झाडांचे बुंधे जमिनीतून निघताना छत्रीच्या मुठीसारखे खालच्या अंगाला वळलेले आणि मग वर सरळ झालेले. विजेचे खांब सगळे एकाच बाजूला कललेले, जणू खालच्या रस्त्यावर काय चाललंय ते डोकावून बघताहेत. दगडी भिंतीला मधोमध पोट सुटलेलं. पण गल्लीतली माणसं तिथंच लहानाची मोठी झालेली. रोज समोर असलेली गोष्ट कोण बघतं? खांब असेच असतात, झाडं अशीच उगवतात आणि दारं अधूनमधून घासतात, एवढं त्यांना पुरे होतं.

"काय झालंय हो दाराला?" असं कुणी विचारलं तर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असे. "लाकूड फुगलंय. हवा दमट आहे." हवा कोरडी ठणठणीत असली तर, "लाकूड आखडलंय." हे उत्तर त्यांना त्यांच्या गुरूंनी, थोरल्या मिस्त्रींनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला घराचा दोष सांगू नये, लाकडाचा सांगावा. लाकडावर कुणी रागवत नाही."

थोरल्या मिस्त्रींनी आणखी एक सवय लावली होती. दार काढलं की बिजागऱ्यांकडच्या कडेवर, जी दार चढवल्यावर कुणाच्या नजरेला पडत नाही, तिथं पेन्सिलीनं तारीख लिहायची आणि पुढे किती लाकूड काढलं ते लिहायचं. माप सुतांत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारण साधं होतं. दाराच्या वरच्या आडव्या पट्टीत जोड असतो. रंधा मारत मारत त्या जोडाला भिडलात की दार कामातून गेलं. किती काढलं ते माहीत असलं की किती उरलं ते कळतं. मिस्त्रींनी ही सवय कधी मोडली नाही. दार कुणाचंही असो, घाई कितीही असो, कानामागची पेन्सिल निघायची आणि दोन शब्द लिहिले जायचे.

सगळ्यांत खालचं, तेविसावं घर अक्काचं.

अक्का मिस्त्रींची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री आठ वर्षांचे होते आणि अक्का एकोणीसची. वडील कामासाठी महिनोन् महिने बाहेर. धाकट्याचं जेवणखाण, शाळा, आजारपण सगळं अक्कानं काढलं, शिवणयंत्राच्या पायावर पाय ठेवून. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा येऊन परत गेली. एकदा धाकट्याला गोवर निघाला होता, एकदा त्याची परीक्षा होती. "तुझ्या गोवरानं माझा नवरा घालवला," असं ती अजूनही म्हणे, आणि लगेच, "बरंच झालं म्हणा, टकला होता."

गल्लीतल्या निम्म्या बायकांना तिनं शिवण शिकवलं होतं. आता चौऱ्याहत्तरी गाठली तरी सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची. तिच्या खोलीत यंत्र खिडकीशी, बेतायचं टेबल मधे, आणि दोऱ्याचं रीळ कधी हातातून सुटलं तर शोधावं लागत नसे. ते गडगडत जाऊन खिडकीखालच्या कोपऱ्यात थांबायचं. "शहाणं आहे माझं रीळ," अक्का म्हणायची, "हाक न मारता जागेवर जाऊन बसतं." भिंतीत एक भेग होती, तिच्यावर तिनं कागदी बेतांचा गठ्ठा खिळ्याला टांगून ठेवला होता.

अक्काच्या दाराचं बोलावणं मिस्त्री येऊच देत नसत. दार किंचित रेटावं लागतंय असं दिसलं की स्वतःच म्हणायचे, "अक्का, बिजागऱ्यांना तेल घालायला येतो." आणि ती बाजारात गेलेली असताना दार काढून, रंधा मारून, चढवून मोकळे. उताराच्या बाजूची चौकट खाली दबत होती, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात दार अडायचं आणि खाली फट पडायची. वर रंधा, खाली लाकडाची बारीक पट्टी, आणि त्यावर तोच हिरवा रंग. अक्का परत यायची, दार एका बोटानं लावायची आणि म्हणायची, "तेलाचा गुण बघ!"

असं तीस वर्षं चाललं.

मग सरकारी खात्यातून मातीवाल्या मॅडम आल्या. पस्तिशीच्या, डोक्यावर टोपी, पायात जाड बूट. त्यांनी उतारावर तीन ठिकाणी खोल भोकं पाडून घेतली, त्यांत नळ्या बसवल्या आणि महिन्यातून एकदा येऊन नळीत एक यंत्र सोडून वहीत काहीतरी टिपून घेऊ लागल्या. गल्लीला वाटलं, पाणी शोधताहेत. सातव्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर तर ठामपणे म्हणाले, "तेल लागलंय. बघाच तुम्ही."

एकदा मॅडम दम खायला पायरीवर बसल्या होत्या आणि मिस्त्रीही, पिशवी शेजारी ठेवून.

"काय बघता हो नळीत?" मिस्त्रींनी विचारलं.

"नळी किती वाकली ते. माती सरकतेय काका, तिच्याबरोबर नळी वाकते."

"पण इथं तर नवीन काही बांधलं नाही. ओझं तेवढंच आहे, माझ्या लहानपणापासून."

"तीच तर गंमत आहे. ओझं वाढावं लागत नाही. तेवढंच राहिलं, पण कायम राहिलं, तरी चिकणमाती हळूहळू देत जाते. एकदम नाही. केसाएवढी, केसाएवढी."

मिस्त्री मग म्हणाले, "फळीसारखं."

"कसली फळी?"

"पुस्तकांची. कपाटातल्या लांब फळीवर पुस्तकं रचली की पहिल्या दिवशी काही होत नाही. दहा वर्षांनी फळीला झोळ येतो. कुणी एक पुस्तक वाढवलेलं नसतं."

मॅडम एकदम सरळ बसल्या. "बरोब्बर तेच! मग तुम्ही काय करता अशा वेळी?"

"फळी उलटी करून बसवतो. झोळ वर येतो, मग पुस्तकं त्याला सरळ करतात."

"डोंगर कसा उलटा करायचा?" मॅडम हसून म्हणाल्या. मिस्त्रीही हसले. मग त्यांच्याच तोंडून गेलं, "पण फळीचं एक असतं. सुरुवातीला जरा पटकन बसते, मग कैक वर्षं संथ. आणि मोडायच्या आधी पुन्हा घाईला येते. वर्षाचं काम महिन्यात करायला लागली की आम्ही पुस्तकं उतरवायला सांगतो."

मॅडमचं हसू थांबलं. "मला तेवढंच हवंय काका. घाईला आलीय की नाही. पण माझ्याकडे आठ महिन्यांची मापं आहेत. त्यावरून कळत नाही. तीस वर्षांची असती तर..."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. "तीस वर्षांची आहेत," ते म्हणाले. "दारांवर."

पुढचे अकरा दिवस मिस्त्री घरोघरी हिंडले. काही दारं काढावी लागली, काहींच्या फटीत हजामतीचा आरसा धरून अक्षरं वाचता आली. जुन्या तारखा मळून पुसट झालेल्या, पण अक्षर स्वतःचं असल्यानं ओळखू येत होतं. वहीत उतरवता उतरवता त्यांना आपलं सगळं आयुष्य पुन्हा एकदा पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखं वाटलं. पोस्टमास्तरांचं दार, अर्धा सूत. बेकरीवाल्याचं दार, अर्धा सूत. दोन वर्षांनी पुन्हा पोस्टमास्तर, पुन्हा अर्धा. इतकी दारं, इतके ढलपे, आणि शेवटी हाती काय, तर अर्धा सूत.

अक्काच्या दाराचे आकडे त्यांनी आरसा न धरताच सांगितले. ते त्यांना पाठ होते.

मॅडमनी आलेखाच्या कागदावर रेघा काढल्या. मातीवरच्या पहिल्या एकोणीस घरांच्या रेघा संथ, एका चालीनं वर जाणाऱ्या. खालच्या तीन घरांच्या रेघाही वीस वर्षं तशाच चालल्या होत्या. मग त्या जरा उचलल्या होत्या. आणि शेवटच्या दोन वर्षांत त्या एकदम मान वर करून उभ्या राहिल्या होत्या. अक्काच्या दाराची सगळ्यांत उभी. पहिली वीस वर्षं, दर दोन वर्षांनी अर्धा सूत. पुढची आठ, दर वर्षी अर्धा. गेल्या वर्षी एक सूत. यंदा नऊ महिन्यांतच दोन. एकूण बारा.

मॅडम म्हणाल्या, "घाईला आलीय."

महिन्याभरात खालच्या तीन घरांना घरं सोडायचा कागद आला. दोन कुटुंबांनी कुरकुरत का होईना, आवराआवर केली आणि ती नातेवाइकांकडे गेली. अक्कानं कागद नीट वाचला, घडी घातली आणि यंत्राच्या खणात, बटणांच्या डबीखाली ठेवून दिला.

मॅडम स्वतः तिला समजवायला गेल्या. मिस्त्री बरोबर होते. वर त्यांच्या घरातली एक खोली बायकोनं पुसून तयार ठेवली होती, खिडकीशी यंत्राची जागासुद्धा मोजून.

अक्कानं दोघांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग उठून दारापाशी गेली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. मी आयुष्यभर झबली शिवली. पण एक सांगा, घर सरकलं तर आधी काय बिघडतं?"

"भिंतींना भेगा पडतात. दारं-खिडक्या अडतात."

"भेगा जुन्या घराला असतातच. आता हे बघा." अक्कानं करंगळी दाराला लावली आणि हलकेच ढकललं. दार मऊपणे गेलं आणि चौकटीत टक्कन बसलं. कुठं घासलं नाही, कुठं फट राहिली नाही. "तीस वर्षं हे असंच लागतंय. सरकणाऱ्या घराचं दार असं लागतं? विचारा ह्याला. सुतार आहे माझा भाऊ, त्याचा हात धरणारा कुणी नाही इथं. काय रे धाकट्या?"

मॅडमनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी आपल्या चपलांकडे पाहिलं.

"लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले.

"ऐकलंत?" अक्का म्हणाली.

परत चढताना मॅडम शंभराव्या पायरीशी थांबून म्हणाल्या, "काका, ते दार तुम्ही वीस वेळा तरी दुरुस्त केलंय."

"बावीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलतो," मिस्त्री म्हणाले. "बोलणार आहे."

पण घरी येऊन ते खाटेवर बसले ते बसलेच. बायकोनं चहा पुढे ठेवला. तिला न सांगताच सगळं कळलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्या पिशवी ठेवण्याच्या आवाजावरून दिवस ओळखत असे.

"सरळ सांगा की त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? तीस वर्षं तेलाच्या नावानं फसवलं, असं?"

"फसवलं कुठं. जपलंत."

"जपलं म्हणूनच तर ती तिथं बसलीय," मिस्त्री म्हणाले. "मी हात लावला नसता तर दहा वर्षांपूर्वीच दार अडलं असतं. ती स्वतःच म्हणाली असती, धाकट्या, घराचं काहीतरी बिनसलंय. माझंच काम माझ्या आड येतंय बघ." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता मी जातच नाही. अडू दे दार. आपसूक कळेल तिला."

बायकोनं कपबशी उचलली. तिला तो उपाय पसंत नव्हता, पण त्यांचा चेहरा बघून तिनं वाद घातला नाही.

मिस्त्री बारा दिवस खाली गेले नाहीत. बाकीची कामंही टाळली. सकाळी ओट्यावर बसून उताराकडे बघत राहायचे. तिथून अक्काच्या छपराचा एक कोपरा दिसे. अंगणात तिचं वाळत घातलेलं लुगडं दिसलं की त्यांना हायसं वाटे. एक दिवस दुपारपर्यंत दिसलं नाही, तर त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मॅडमचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, "काका, नळी अजून वाकलीय."

तेराव्या दिवशी सकाळी अक्काचा फोन.

"धाकट्या, कुठं आहेस? मेलास का?"

"आहे गं. बरं नव्हतं जरा."

"दार लागत नाहीये. चार दिवस खुर्ची लावून झोपतेय." मग ती थांबली आणि अगदी समजूतदार आवाजात म्हणाली, "लाकूड फुगलं असेल, नाही का?"

"येतो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

अक्काचं दार वरच्या कोपऱ्यात चांगलंच अडलं होतं. मिस्त्रींनी खिळे ढिले केले, खांदा लावून दार उचललं. मागच्या वेळेपेक्षा जड लागलं. दार तेच होतं, खांदा तो नव्हता. बाहेरच्या फरशीवर भिंतीला टेकवून त्यांनी रंध्यासाठी पिशवीत हात घातला. करवत लागली, पटाशी लागली, हातोडी लागली. रंधा नव्हता. रंध्याच्या जागी जुन्या फडक्यात गुंडाळलेला गुण्या होता, काटकोन बघायचा, आणि तो काही त्यांनी ठेवला नव्हता.

"काय शोधतोस?" अक्का उंबऱ्यात उभी होती.

"रंधा. घरी राहिला."

"तुझा? रंधा?" अक्का हसली. "उद्या म्हणशील, हात घरी राहिला."

मिस्त्री गुण्या हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "अक्का, तुझी टेप आण."

"कशाला?"

"आण तर."

टेप तिच्या गळ्यातच होती. मिस्त्रींनी दार फरशीवर आडवं टाकलं. "तू बायकांना पहिल्या दिवशी काय शिकवायचीस? कापड बेतायच्या आधी?"

"कोन ते कोन बघा. दोन्ही तिरक्या सारख्या भरल्या तर कापड सरळ, नाहीतर ओढलं गेलंय."

"मग बघ. कापड समज."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसली. टेपचं एक टोक मिस्त्रींनी कोपऱ्यावर धरलं, दुसरं तिनं. एक तिरकी भरली सव्वासत्त्याऐंशी. दुसरी भरली साडेचौऱ्याऐंशी. अक्कानं टेप झटकून दुसरी पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच.

"पावणेतीन इंच," ती म्हणाली. "पण चौकटीत तर सरळ दिसत होतं."

"चौकटही तेवढीच वाकडी झालीय अक्का. दोघं बरोबरीनं वाकडे, म्हणून सरळ दिसायचे."

अक्का दाराभोवती बसल्या बसल्याच सरकली. वरची कड तिनं बोटानं चाचपली, एकीकडे पुरी, दुसरीकडे खरवडलेली. खालची कड बघितली, एकावर एक बसवलेल्या पट्ट्या, एकाच हिरव्या रंगात. शिवणाऱ्या बाईच्या बोटांना ठिगळ लपत नाही. मग तिची नजर बिजागऱ्यांकडच्या कडेवर गेली. अक्षरं पुसट होती, तिनं चष्मा मागितला. मिस्त्रींनी आत जाऊन आणून दिला.

ती एकेक तारीख वाचू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मधेच एका ठिकाणी बोट थांबलं.

"ही तारीख. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी पट्टी बांधून आत पडले होते."

"हो."

"मी विचारलं, कसला आवाज रे? तू म्हणालास, उंदीर असेल."

"हो."

"मेल्या, उंदीर!" अक्काचा आवाज चढला. "तीस वर्षं! मी त्या पोरीला करंगळीनं दार लावून दाखवलं, आणि तू शेजारी बसून म्हणालास, लाकूड चांगलं आहे! हसली असेल ती मला."

"हसली नाही. मलाच बोलली."

"लाकूड फुगतं, लाकूड फुगतं. किती फुगतं रे लाकूड?"

"पाव सूत. फार तर."

"आणि हे किती?"

"बारा. आज आणखी अर्धा लागलं असतं. दीड महिन्यात." मिस्त्री तिच्या शेजारी फरशीवर बसले. "जोडापर्यंत आता जेमतेम एक सूत राहिलंय. रंधा आणला असता तरी अजून दोन वेळा, मग दार संपलं. पण दाराचं सोड अक्का. ती भिंत, खालची... ती माती घाईला आलीय. मी बघतोय दोन वर्षं. आकडा लिहितो आणि दार चढवतो. लिहितो आणि चढवतो. तुला घर सोड म्हणायची माझी जीभ उचलली नाही. ह्या घरात तू..."

अक्का बराच वेळ टेप गुंडाळत बसली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दाराशिवायच्या त्या चौकटीतून आतली खोली वेगळीच दिसत होती. यंत्र, टेबल, कोपऱ्यातलं रीळ, सगळं किंचित एकाच बाजूला कललेलं. इतकी वर्षं तिनं ते पाहिलं नव्हतं, किंवा पाहून बघितलं नव्हतं. कुणास ठाऊक.

"बावीस वेळा काढलंस," तारखा मोजून ती शेवटी म्हणाली. राग ओसरला होता. "एवढं जड दार. एकट्यानं. दमला नाहीस रे?"

मिस्त्रींना वाटलं, नेहमीसारखं म्हणावं, छे, सवय आहे.

"दमलो अक्का," ते म्हणाले. "फार दमलो."

तिनं त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या जागी, आणि तो तिथंच राहू दिला. आठ वर्षांच्या पोराला गोवरात ठेवला होता तसा.

"रंधा खरंच विसरलास?"

"हिनं काढून ठेवला असणार."

"शहाणी आहे तुझी बायको. तुझ्यापेक्षा तर नक्कीच." अक्का उठायला लागली, मिस्त्रींनी हात दिला. उभी राहून तिनं रिकाम्या चौकटीकडे शिवणकाम तपासावं तसं पाहिलं. "दार नाही तेच बरं आता. यंत्र सरळ निघेल. दार असलं की त्याचा पाय अडकतो. पण आज नको. आज तुझ्यानं होणार नाही, माझ्यानं तर नाहीच. पोस्टमास्तराला सांग, त्याचे दोघे पुतणे उद्या सकाळी पाठव म्हणावं. तेल लागलं का, तेही विचार."

"आणि आज?"

"आज तुझ्याकडे झोपते. दाराशिवायच्या घरात झोपू का?" ती आत गेली, कोपऱ्यातलं रीळ उचलून आणलं आणि मिस्त्रींच्या पिशवीत टाकलं. एका रिळापासून सामान हलवायला सुरुवात झाली.

मिस्त्री दार भिंतीला उभं करत होते. अक्कानं थांबवलं.

"तारीख नाही घातलीस."

"आज काही काढलंच नाही. लिहू काय?"

"तरी घाल. पुढे लिही, उतरवलं."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. अक्षर नेहमीसारखंच आलं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी तारीख लिहिली, आणि पुढे, अक्कानं सांगितलं ते.